रोगाची कसली सुगी?

माझ्या वडलांच्या, आप्पांच्या, लोखंडी पेटीत, धोतरांच्या खाली, दुधाच्या दोन पिशव्या एकात एक घालून गच्च बांधलेलं एक पुडकं होतं. आत अकरा फ्लॉप्या आणि एक सीडी. प्रत्येक फ्लॉपीवर चिकटवलेल्या कागदावर त्यांचं शाळामास्तरी वळणाचं अक्षर : ‘मोट व विहीर’, ‘खळे’, ‘सुतारमेट’, ‘पाऊसपाणी’, ‘गुऱ्हाळ १’, ‘गुऱ्हाळ २’, ‘सूची’.

आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. करवीर, पन्हाळा, राधानगरी अशा बदल्या होत राहिल्या आणि जिथं जातील तिथले शब्द ते शंभर पानी वहीत उतरवत राहिले. नांगराची मूठ म्हणजे रुमणं. पाभरीच्या ज्या वाटीत मुठीनं बी सोडतात ते चाडं. मोटेचा जाड दोर नाडा, बारका दोर सोंदूर, आणि मोट जिथं रिकामी होते ते थारोळं. आधी शब्द, मग अर्थ, मग गावातल्या कुणाच्या तरी तोंडचं एक वाक्य, अशी प्रत्येक नोंद. ३४ वर्षांत अशा २,६०० च्या वर नोंदी झाल्या.

१९९७ ला निवृत्त झाल्यावर फंडातले पैसे घालून त्यांनी कोल्हापुरातल्या एका डीटीपी सेंटरवर हे सगळं टाइप करून घेतलं. दुपारच्या एसटीनं जायचे, डीटीपीवाल्या काकांच्या शेजारी स्टुलावर बसायचे आणि स्वतः वाचून दाखवायचे, कारण हे शब्द काकांच्या हाताला सरावाचे नव्हते. २००० सालापर्यंत २१४ पानं लागली. छपाईला पैसे उरले नाहीत. पुस्तक राहिलं. २००९ मध्ये आप्पा गेले.

मग २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर. पंचगंगेकाठच्या आमच्या घरात छातीभर पाणी होतं. वह्या खालच्या फडताळात होत्या. पाणी ओसरल्यावर हाताला लागला तो नुसता लगदा. पेटी माळ्यावर होती म्हणून फ्लॉप्या वाचल्या. शिवाय आप्पांनी तपासायला म्हणून गडहिंग्लजच्या आत्याकडं पाठवलेली ६० पानांची प्रुफं तिच्या कपाटात सापडली. बाकी काही नाही.

मी पुण्यात नोकरी करतो ती सर्व्हर सांभाळायची, आणि घरी गेली वीस वर्षं लिनक्स वापरतो. खुले फॉरमॅट, म्हणजे फाइलीच्या ज्या रचनेचे नियम कुणालाही वाचता येतात त्या, हा माझा जिव्हाळ्याचा विषय. त्यावर मी मित्रांशी तासन् तास वाद घातलेत. पण ते वाद तत्त्वाचे होते. पेटीतलं पुडकं सोडलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या घरातलं काही अडकलेलं होतं.

फ्लॉपी वाचायला आता यंत्रच नसतं. यूएसबीला जोडायचा एक ड्राइव्ह ऑनलाइन मागवला. घाईनं फाइल मॅनेजर उघडून कॉपी-पेस्ट करायचा मोह फार होतो. तो आवरला. जुन्या चकतीवर बुरशी असली तर प्रत्येक वाचनात चकती थोडी आणखी घासली जाते. म्हणून जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम वापरला. तो आधी चकतीचा सुखरूप भाग भराभर उचलतो, अडलेल्या जागांची नोंद एका वेगळ्या फाइलीत ठेवतो आणि मग त्याच जागांवर पुन्हा पुन्हा येतो. मध्येच थांबवलं तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. एका १.४४ एमबी फ्लॉपीत ५१२ बाइटांचे २,८८० सेक्टर असतात. नऊ फ्लॉप्या पूर्ण निघाल्या. एक अजिबात उठली नाही, पण तिच्यातलं सगळं सीडीवर होतं. ‘गुऱ्हाळ २’ वर मात्र रात्रभर ड्राइव्ह कुरकुरत राहिला आणि सकाळी सात सेक्टर राहिले ते राहिलेच. सात सेक्टर म्हणजे साडेतीन हजार बाइट. त्यांचा मी पुढं माग काढला, ते शेवटी सांगतो.

एकूण चौदा फाइली मिळाल्या, बहुतेक पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या. पेजमेकर १९८५ मध्ये आलं. आपल्याकडच्या छापखान्यांत त्यानं खिळे जुळवायचं काम संपवलं. लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सगळं त्यावर लागायचं. २००१ मधली ७.० ही त्याची शेवटची आवृत्ती. आजच्या कुठल्याही नव्या कॉम्प्युटरवर ते नाही, आणि फाइलीची रचना कशी आहे हे कुठं छापून ठेवलेलं नाही.

इथं मला ज्या लोकांचे आभार मानायचे आहेत त्यांना मी कधी भेटलेलो नाही. २०१४ मध्ये काही प्रोग्रामरांनी डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट सुरू केला. जुन्या, बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या फाइली एकेक बाइट बघून उलगडायच्या आणि त्या वाचणारा कोड सर्वांना मोकळा ठेवायचा, हे त्यांचं काम. पेजमेकर वाचणारा त्यांचा भाग २०१५ मधल्या लिबरऑफिस ४.४ या मोफत, खुल्या ऑफिस पॅकेजमध्ये आला. मी ‘खळे’ची फाइल लिबरऑफिसमध्ये ओढून टाकली आणि ती उघडली. मांडणी विस्कटलेली होती, रकाने एकमेकांवर चढले होते, पण मजकूर होता. मी खुर्चीतून उठून आईला फोन केला.

मजकूर होता असं म्हणालो, पण तो मराठीत नव्हता. पानभर टोप्या घातलेले ए, उलटी प्रश्नचिन्हं, पौंडाची खूण, अपूर्णांक. आप्पांच्या फाइलीत मराठी अक्षरं कधीच नव्हती. अक्षरांची चित्रं होती, आणि ती चित्रं एका फॉन्टमध्ये राहिली होती. तो फॉन्ट आता नव्हता.

कोल्हापूरला जाऊन डीटीपीवाल्या काकांना गाठलं. ते आता फ्लेक्स छापतात. “मास्तरांचा पोरगा न्हवं तू?” म्हणाले. चहा मागवला. त्या वेळच्या फॉन्टच्या पॅकेजला एक हार्डवेअर लॉक असायचं, प्रिंटरच्या पोर्टला मागून लावायचं. ते लावल्याशिवाय फॉन्ट चालायचे नाहीत. “मशीन भंगारात घातलं, तवा लॉकबी त्यालाच व्हतं,” एवढंच त्यांना सांगता आलं. त्यांची काही चूक नव्हती. वीस वर्षं कोण कुणाची यंत्रं सांभाळतो?

मग उरला तो मार्ग म्हणजे आत्याकडची ६० पानं. त्यावर काय छापलंय ते डोळ्यांना दिसत होतं, आणि त्याच पानांच्या फाइलीत काय आकडे आहेत तेही दिसत होतं. दोन्ही शेजारी ठेवून कोष्टक बनवायचं. जवळजवळ शिलालेख वाचण्यासारखं काम.

हे नेमकं काय असतं, ते बहुतेकांना माहीत असलेल्या कृतिदेव या फॉन्टवरून सांगतो. (आप्पांच्या चौदातल्या दोन फाइली कृतिदेवमध्येच होत्या. त्याचं कोष्टक सगळीकडं मिळतं, त्यामुळं त्या एका संध्याकाळात सुटल्या.) कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलं की फाइलीत साठतात ती इंग्रजी अक्षरं : ई, जे, के, मोठा बी, एच. फॉन्ट लावला तर मराठी दिसतं, काढला तर ईजेकेबीएच. आता ‘किरण’ घ्या. फाइलीत एफ, डी, जे, टिंब, के. एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, ती क च्या आधी, कारण कागदावर ती आधी दिसते. टिंब म्हणजे दंड नसलेला अर्धा ण. आणि के हा त्या ण चा उभा दंड. हाच के ‘मराठी’मध्ये रा चा काना होता. म्हणजे के दिसला की तो काना आहे का दंड, हे मागचं अक्षर बघून ठरवायचं. रफार तर आणखी लांबचा. ‘वर्षी’ या शब्दात तो फाइलीत सगळ्यात शेवटी येतो, दीर्घ वेलांटीच्याही नंतर, कारण तो वरून मारायचा असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या संकेतात, क्रम उच्चाराचा : व, मग र आणि हलन्त, मग ष, मग ई ची मात्रा. म्हणून रफार सापडला की त्याला मात्रा ओलांडून, जोडाक्षर असेल तर ते सगळं ओलांडून मागं न्यायचं.

आप्पांच्या मुख्य फॉन्टमध्ये अशा १९३ खुणा निघाल्या. रोज रात्री जेवण झाल्यावर एक पान. आधी सोपी अक्षरं, मग जोडाक्षरं, मग त्या बारीकसारीक खुणा ज्यांनी एकच अनुस्वार तीन ठिकाणी बसायचा : नुसता, वेलांटीबरोबरचा आणि मात्रेबरोबरचा. कोष्टक झाल्यावर पायथनमध्ये दोनेकशे ओळींची स्क्रिप्ट लिहिली. तीन खुणांचे गट आधी बदलायचे, मग दोन खुणांचे, मग एकेकटे. हा क्रम चुकला तर सगळं चुकतं. आयते ऑनलाइन कन्व्हर्टर मी करून बघितले होते. ते ठरावीक फॉन्टांना चालतात, आणि आतलं कोष्टक दाखवत नाहीत. शब्दकोशाच्या कामात एखादं अक्षर का बदललं ते मला बघता आलं पाहिजे.

ताळा म्हणून त्या ६० पानांवर ओसीआरही, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखणारं तंत्र, चालवलं. टेसरॅक्ट नावाचा प्रोग्राम २००५ पासून खुला आहे आणि त्याला मराठी वाचता येतं. बोलीतल्या शब्दांवर ते वरचेवर अडखळलं, पण मला त्याचा उपयोग वेगळाच होता. स्क्रिप्टच्या चुका आणि ओसीआरच्या चुका एका जातीच्या नसतात. दोन्हीकडून आलेला मजकूर ओळीला ओळ लावून ताडला आणि जिथं मतभेद तिथंच कागद बघितला. ज्याला असं काही करायचंय त्यानं ही युक्ती जरूर वापरावी. दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो तर वाट बरोबर असण्याची खात्री पुष्कळ वाढते.

इतकं होऊनही सगळ्यात मोठी चूक ना मला दिसली, ना ओसीआरच्या ताळ्यात आली. कारण ती ६० पानांच्या बाहेरच्या फाइलींत झाली होती.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा लॅपटॉपवरून आईला नोंदी वाचून दाखवत होतो. ती शेंगा फोडत बसली होती. ‘सुगी’ची नोंद आली. मी वाचलं, “सुगी, ज्वारीची काणी व मळणी होते तो काळ.”

आईचा हात थांबला. “काय म्हनलास? काणी?”

“काणी व मळणी.”

“काणी म्हंजे रोग. कणसात काळी भुकटी हुती ती. रोगाची कसली सुगी? काढणी असंल ते. बघ नीट.”

बघितलं. ‘काढणी’तला ढ गेला होता आणि उरलेलं ‘काणी’ हाही खराच शब्द होता, त्याच शेतातला, त्याच पिकाचा. कुठल्याही स्पेलचेकरनं तो लाल केला नसता. मग शोधत गेलो तर ‘ढेकूळ’चं ‘ेकूळ’ झालेलं, ‘ढेप’ची ‘ेप’, ‘मेढ’चं नुसतं ‘मे’. चौदापैकी पाच फाइलींत एकूण ४१२ ढ नव्हते.

कारण सापडायला दोन दिवस लागले. त्या काळच्या फॉन्टला २५६ घरं मिळायची, त्यातली बरीच आधीच भरलेली. देवनागरीची सगळी जोडाक्षरं बसवायला फॉन्ट करणाऱ्याला एकही घर वाया घालवणं परवडत नव्हतं. त्यानं १७३ क्रमांकाच्या घरात ढ ठेवला. पण मान्य संकेतांत १७३ हा सॉफ्ट हायफन आहे : शब्द ओळीच्या शेवटी तुटला तरच दिसणारी, एरवी अदृश्य अशी खूण. पाच फाइली मी घाईत असताना आधी ‘साफ’ केल्या होत्या, अदृश्य खुणा काढून टाकणारी एक ओळ चालवून. त्या ओळीनं सगळे ढ झाडून नेले. मूळ प्रती जशाच्या तशा ठेवल्या होत्या म्हणून ते परत आले. तेव्हापासून मूळ फाइलींना मी फक्त वाचायची परवानगी ठेवली आहे. माझ्या हातूनही त्या बदलत नाहीत.

दुसरी चूक आप्पांनी स्वतः पकडली असती, इतकी ती त्यांच्या जिव्हाळ्याची. गुऱ्हाळ आणि चऱ्हाट. स्क्रिप्टनं ते ‘गुर्हाळ’ आणि ‘चर्हाट’ केलं, म्हणजे मराठीच्या आडव्या र चा रफार केला. हा र मराठीच्या खास ओळखीचा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हा फरक त्याच्यावर उभा आहे. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो : ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडखूण. डोळ्यांना दोन्ही सारखे. पण एका तऱ्हेनं लिहिलेलं गुऱ्हाळ दुसऱ्या तऱ्हेनं शोधलं तर बहुतेक ठिकाणी सापडत नाही. मी पहिली तऱ्हा धरली. अदृश्य खुणांवर कशाचाही भार टाकायचा नाही, हे ढ नं शिकवलं होतं. ॲ ची गोष्ट अशीच, तो युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. आप्पांच्या नोंदींत तो जवळजवळ नाहीच.

त्या जुन्या फॉन्टवाल्यांना मी दोष देत नाही, आणि कुणी देऊ नये. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती, आपल्याच इस्की या भारतीय संकेतावर बेतलेली. पण कागदावर ठरलेलं टेबलावर यायला काळ गेला. विंडोज २००० बरोबर सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा मंगल फॉन्ट आला, तेव्हा कुठं साध्या कॉम्प्युटरवर युनिकोड मराठी नीट दिसायची सोय झाली. आप्पांचं टाइपिंग त्याच्या आधीचं. काकांनी १९९८ मध्ये दुसरं काय वापरलं असतं? त्या फॉन्टांमुळंच मराठी तेव्हा पडद्यावर आणि कॉम्प्युटरच्या छपाईत आली.

राग येतो तो आजच्या गोष्टींचा. पंचवीस वर्षं झाली तरी आजही एखादा छापखाना सांगतो की मजकूर अमुक फॉन्टमध्येच पाठवा. लेखक बिचारा युनिकोडमध्ये नीट लिहिलेलं उलटं फिरवून देतो. त्यातून पीडीएफ होते. ती फोनवर सुंदर दिसते, आणि तिच्यातला एक शब्द शोधायला गेलात तर काही सापडत नाही. चार ओळी कॉपी केल्या तर टोप्या घातलेले ए. पीडीएफ हा २००८ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा खुला मानक फॉरमॅट आहे. म्हणजे डबा खुला आणि आत ठेवलेलं बंद. खुल्या फॉरमॅटवर वाद घालताना मी स्वतः इतकी वर्षं फक्त डब्याबद्दल बोलत होतो. मराठीच्या बाबतीत आतलं अक्षर आधी बघायला हवं. आंधळ्या माणसाला स्क्रीन रीडर ती पीडीएफ वाचून दाखवू शकत नाही. ज्या गावाच्या याद्या आणि ठराव अशा पीडीएफमध्ये आहेत, त्या गावाला स्वतःच्याच कागदात शोध घेता येत नाही. हे थांबलं पाहिजे, आणि थांबवायला पैसे लागत नाहीत.

आप्पांचं काम मी आता दोन रूपांत ठेवलं आहे. मूळ रूप अगदी साधं : यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) मधली टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक नोंद, शब्द, अर्थ आणि वाक्य यांच्यामध्ये टॅब. ती कुठल्याही फोनवर, कुठल्याही प्रोग्रामात उघडते. सगळ्या नोंदी मिळून ती एका फ्लॉपीतही मावते. वाचायला म्हणून दुसरं रूप ओडीटी, म्हणजे ओपनडॉक्युमेंट या खुल्या फॉरमॅटमधली मजकुराची फाइल. ओपनडॉक्युमेंट २००५ मध्ये मानक झालं, २००६ मध्ये आयएसओनं घेतलं, आणि त्याचे नियम कुणालाही वाचता येतात. गंमत म्हणून नाही, खात्री म्हणून मी एक गोष्ट करून बघितली. ओडीटी फाइलीचं नाव बदलून झिप केलं, उघडलं, आणि आतली ‘कंटेंट’ नावाची फाइल साध्या एडिटरमध्ये बघितली. कंसांच्या आणि खुणांच्या गर्दीत ‘गुऱ्हाळ’ गुऱ्हाळ म्हणूनच लिहिलेलं होतं. उद्या लिबरऑफिस नावाचं काही उरलं नाही तरी एवढं कुणीही वाचेल. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या डॉक्सची आतली रचनाही अशीच झिप आणि एक्सएमएलची आहे, हे मान्य केलं पाहिजे. पण त्याचं मानक अवाढव्य आहे आणि २००८ मध्ये आयएसओनं ते मंजूर केलं तेव्हा भारतानं विरोधात मत दिलं होतं. मला ते मत योग्य वाटलं होतं, आजही वाटतं.

छापील प्रतीला राज्य मराठी विकास संस्थेनं मोफत दिलेला यशोमुद्रा फॉन्ट वापरला. ल आणि श मराठी वळणाचे दिसले की आईला बरं वाटतं. शब्दांचा क्रम मात्र हातानं ठरवावा लागला. युनिकोडच्या क्रमांकानुसार लावलं तर ळ हा ल च्या पाठोपाठ येतो, आणि आप्पांची वर्णमाला ह नंतर ळ, क्ष, ज्ञ अशी. त्यांच्या क्रमात लावलं.

या सगळ्यानंतर कुठलंही नवं ॲप घेताना मी एकच गोष्ट आधी करतो. त्यात दहा ओळी मराठी लिहितो, सगळं बाहेर काढायची सोय शोधतो आणि बाहेर आलेलं दुसऱ्या प्रोग्रामात उघडून बघतो. माझ्या मावसबहिणीनं बाळाच्या पहिल्या दोन वर्षांच्या नोंदी एका ॲपमध्ये लिहिल्या होत्या. ते ॲप बंद पडलं. तिच्याकडं आता काहीही नाही, तिला पूर तर आलाच नव्हता.

राहिले ते सात सेक्टर. ‘सूची’ची फ्लॉपी शाबूत होती, तिच्यात सगळ्या शब्दांची नुसती यादी होती. म्हणून ‘गुऱ्हाळ २’मधून नेमकं काय गेलं ते कळलं : १९ शब्द होते, त्यांचे अर्थ आणि वाक्यं नव्हती. जानेवारीत, हंगाम चालू असताना, ती यादी घेऊन आमच्या गावापासून तीन कोसांवरच्या गुऱ्हाळावर गेलो. गूळ करणारे गुळव्या सत्तरीचे. काहिलीतली मळी काढत होते. मी एकेक शब्द वाचत गेलो आणि ते कामातली नजर न काढता सांगत गेले. ‘जळव्या’ला त्यांनी हातातल्या झाऱ्यानं चुलवाणाकडं दाखवलं, तिथं एक पोरगा वाळलेली चिपाडं आत सारत होता. ‘रवा’ विचारल्यावर म्हणाले, “तो बाजारात गेल्यावर रवा. हितं ढेप.” आधण उतरायची वेळ झाली की थांबायचे, पाक थंड पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून बघायचे, आणि पुन्हा “हं, फुडचा?”

फोनवर मी तिथंच लिहीत होतो, त्यांच्या तोंडची वाक्यं जशी आली तशी, आप्पा वहीत लिहायचे तशी. अठरा शब्द झाले. एकोणिसावा त्यांना माहीत नव्हता. जळव्यालाही नाही, घाण्यावरच्या म्हाताऱ्यालाही नाही. “मास्तरांनी राधानगरीकडनं आणला असंल,” गुळव्या म्हणाले. फाइलीतल्या त्या ओळीत शब्द आहे, पुढं टॅब आहे, आणि नंतर काही नाही. पुढच्या हंगामात राधानगरीच्या बाजूला जायचंय.